डाव्या सीटवरचा माणूस

घरातल्या कुणाला गाडी शिकवायची ठरली की पुढची तयारी सगळ्यांना पाठ असते. लर्निंग लायसन्स काढायचं, रविवारी पहाटे उठायचं, रहदारी नसलेला रस्ता शोधायचा आणि मागच्या काचेवर लाल रेडियमचा ‘एल’ चिकटवायचा. विम्याची पॉलिसी मात्र डॅशबोर्डच्या खणातून बाहेर येत नाही. विचारलंच कुणी, तर उत्तर तयार असतं, ‘इन्शुरन्स आहे की गाडीचा!’ आहे, हे खरं. पण तो कुणासाठी आहे, कुठल्या अटीवर आहे आणि शिकवता शिकवता अपघात झाला तर गाडीतल्या दोघांच्या हाती काय पडेल, हे घरातल्या कर्त्या माणसालाही सांगता येत नाही. माझं म्हणणं असं, की शिकाऊ चालकाचा विमा शिकाऊ चालकावर उभाच नाही. तो उभा आहे त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या माणसावर. आणि त्या माणसाला आपण, आपला कायदा आणि आपल्या विमा कंपन्या असे तिघेही नुसता पॅसेंजर समजतो.

आपल्याकडे मोटारविमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे पॉलिसीवर चालकांची नावं असतात. मुलाला घरच्या गाडीवर शिकवायचं तर त्याचं नाव पॉलिसीत चढवावं लागतं, नाहीतर त्याच्यासाठी काही तासांची किंवा काही दिवसांची वेगळी पॉलिसी काढावी लागते. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘गाडी चालवण्यास पात्र व्यक्ती’ अशा मथळ्याखाली लिहिलेलं असतं, की विमाधारकासह कुणीही गाडी चालवू शकतो. अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं, एवढंच. त्याला जोडून आणखी एक वाक्य येतं: लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही ही गाडी चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या नियम ३ची पूर्तता केलेली असली पाहिजे. नियम ३ म्हणजे काय, हे पॉलिसीत छापलेलं नसतं. एजंट सांगत नाही, शोरूमवाला सांगत नाही. लर्निंगची परीक्षा २०२१पासून महाराष्ट्रात घरबसल्या ऑनलाइन देता येते, पण तो नियम मोडला तर विम्याचं काय होतं, हे परीक्षा पास झालेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल, याची मला शंकाच आहे.

म्हणजे शिकाऊ चालकासाठी आपल्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही की कंपनीला कळवावंही लागत नाही. ही सवलत लहान नाही. वर्षातून एकदा सुट्टीला गावी आलेल्या पुतण्याला काकाने आपल्या गाडीवर शिकवावं आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, हे आपल्या घरांना सोयीचंच आहे. पण कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून अट काहीच नाही, असा समज होऊन बसला आहे.

तर हा नियम ३. त्यात तीन गोष्टी आहेत. शिकणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं वैध लर्निंग लायसन्स हवं. ते सहा महिने चालतं आणि मुदत संपली की मागे काहीच उरत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. आणि शिकणाऱ्यासोबत पक्कं लायसन्स असलेला शिक्षक हवा, तोही गाडी काबूत ठेवू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला. ‘एल’ची मापं नियमात बारकाईने दिलेली आहेत: पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. शिक्षकाबद्दल मात्र पक्कं लायसन्स आणि बसायची जागा यापलीकडे अवाक्षर नाही. वय नाही, अनुभव नाही. सोमवारी ज्याला लायसन्स मिळालं तो मंगळवारी धाकट्या भावाला शिकवायला मोकळा. ब्रिटनमध्ये शेजारी बसणारा निदान २१ वर्षांचा आणि पूर्ण लायसन्स मिळून ३ वर्षं झालेला असावा लागतो. शिवाय दारूची मर्यादा आणि मोबाइलची बंदी त्यालाही चालकाइतकीच लागू असते. तिथे गेलेल्या आपल्या मंडळींना हे चांगलंच ठाऊक असतं. भारतीय लायसन्सवर तिथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर पुण्यात पंधरा-पंधरा वर्षं गाडी हाकलेला इंजिनिअरही ‘एल’ लावून, विमा काढून, शेजारी कुणाला तरी बसवून शिकाऊ होतो. फोनवर हसत सांगतात, पण आत कुठेतरी झोंबलेलं असतं.

‘काबूत ठेवू शकेल किंवा थांबवू शकेल अशी जागा’ या शब्दांवर थोडं थांबायला हवं. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. तशी दुहेरी सोय शाळेच्या गाडीला नियमानेच बंधनकारक आहे. घरच्या गाडीत ती नसते. तिथे थांबवण्याचं साधन एकच, मधला हँडब्रेक. रविवारी सकाळी शहराच्या कडेला नव्याने झालेल्या कुठल्याही रिंगरोडवर हे दृश्य बघायला मिळतं. मुलगी स्टिअरिंगला चिकटून बसलेली, पाठ सीटला टेकलेली नाही. बाबांचा डावा हात खिडकीवरच्या हँडलला, उजवा हँडब्रेकच्या वर अधांतरी, बोटं अर्धी मिटलेली, ‘क्लच सोड... हळू... हळू म्हटलं ना’ असा जप चाललेला, आणि पाय समोरच्या मॅटवर नसलेला ब्रेक दाबतायत. त्या अधांतरी हातावर घराचा सगळा विमा अवलंबून आहे. नव्या गाड्यांत तर हँडब्रेकचा दांडाही गेला, त्या जागी एक बटण आलं. काही गाड्यांत ते अशा कोपऱ्यात आहे, की डाव्या सीटवरून हात पोहोचणार नाही. अशा गाडीत शेजारी बसलेले बाबा ‘थांबवू शकेल अशा जागी’ बसलेत का? १९८९ साली हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आज पडायला हवा, कारण पॉलिसी अजून त्याच वाक्याकडे बोट दाखवते. मागच्या सीटवर रेलून, मोबाइल बघत ‘चालव गं, मी आहे’ म्हणणारे मामा मात्र या नियमात कुठल्याच अर्थाने बसत नाहीत.

आता अपघात झाला असं धरा. नुकसान तीन ठिकाणी होतं आणि विमा तिन्ही ठिकाणी वेगळा वागतो.

पहिलं, रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं. त्याच्यासाठीचा विमा आपल्याकडे १ जुलै १९४६पासून सक्तीचा आहे. १९३९च्या कायद्याचं आठवं प्रकरण त्या दिवशी अमलात आलं. आज १९८८च्या कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं. मृत्यू किंवा इजा झाली तर या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. चालक लर्निंगवर होता, एवढ्याने कंपनीची सुटका होत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या २००४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलं. लर्निंग हेही लायसन्सच आहे. अट मोडली असं कंपनी म्हणत असेल, तर ते तिने सिद्ध करावं, मालकाचा त्यात दोष होता हेही सिद्ध करावं आणि तो भंग अपघाताच्या कारणाशी जोडलेला असावा. शिवाय कंपनीचं म्हणणं खरं ठरलं, तरी न्यायालय बहुधा जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनीकडून पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतं. वकिली भाषेत ‘पे अँड रिकव्हर’. आपल्या मोटार अपघात कायद्यातली ही मला सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. रस्त्यावरच्या माणसाला कुणाच्या पॉलिसीतली अट वाचायची संधी नव्हती, म्हणून त्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही.

पण ते ओझं कुणावर तरी पडतंच. गाडी ज्याच्या नावावर, त्याच्यावर. किती, ते मांडून बघू. मृत व्यक्ती ३५ वर्षांची, स्वतःचा छोटा धंदा, महिना ४०,००० रुपये मिळकत, मागे घरात अवलंबून असलेली चार माणसं. न्यायालयाच्या ठरलेल्या रीतीने वर्षाचे ४,८०,००० रुपये. भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के धरून ६,७२,०००. त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून ५,०४,०००. आणि त्या वयाचा गुणक १६. झाले ८०,६४,००० रुपये. अंत्यसंस्काराचे वगैरे वेगळे, व्याज वेगळं. आता लर्निंगची मुदत महिन्याभरापूर्वी संपली होती आणि शेजारी कुणीच नव्हतं, असं कंपनीने दाखवून दिलं, तर हा आकडा वसुलीच्या नोटिशीत येतो. ज्या घरात गाडी कर्जावर आहे त्या घरात हे कसं फेडायचं?

दुसरं नुकसान गाडीचं. इथे माणुसकीचा प्रश्न नसतो, करार असतो. नियम ३ पाळला नाही, तर ‘ओन डॅमेज’चा क्लेम नाकारायला कंपनीला जागा मिळते. लढता येतं, ग्राहक आयोगात जाता येतं. पण बंपर, बॉनेट आणि रेडिएटरच्या बिलासाठी किती जण तिथवर जातात? आणि गाडी काही वर्षांची असेल तर तिला ‘ओन डॅमेज’ असेलच याची खात्री नाही. सप्टेंबर २०१८पासून नव्या चारचाकीला ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीचा स्वतःचा विमा मात्र बऱ्याच घरांत पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणावाचून राहतो. कागद खणात असतो, मुदतही संपलेली नसते, त्यामुळे ‘इन्शुरन्स आहे’ हे वाक्य खोटंही नसतं.

तिसरं नुकसान गाडीतल्या दोघांचं. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे आणि याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. त्यासाठी जरा इंग्लंडात जाऊन येऊ.

नेटलशिप विरुद्ध वेस्टन हा तिथला खटला. वेस्टनबाईंना गाडी शिकायची होती, नवऱ्याची गाडी होती. त्यांनी नेटलशिप या परिचितांना विचारलं. नेटलशिप धंद्याने शिक्षक नव्हते, पण माणूस व्यवहारी. शिकवतो, म्हणाले, पण आधी विमा बघू द्या. अपघात झाला तर मला त्यात संरक्षण आहे का? पती-पत्नींनी पॉलिसी काढून दाखवली. पूर्ण विमा होता, गाडीतल्या प्रवाशालाही लागू होता. मग शिकवणी सुरू झाली. नोव्हेंबर १९६७मध्ये तिसऱ्या धड्याला बाईंनी डावीकडे वळण घेतलं आणि वळल्यावर चाक सरळ करायचं त्या विसरल्या. वेग माणसाच्या चालण्याइतका. नेटलशिपनी एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरू पाहिलं. गाडी फूटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला लागली आणि नेटलशिप यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. खालच्या न्यायालयात ते हरले. १९७१ साली अपील न्यायालयाने निकाल फिरवला. शिकाऊ चालकालाही अनुभवी चालकाचीच फूटपट्टी लागेल, असं त्या निकालाने ठरवलं. लॉर्ड डेनिंग यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नैतिकदृष्ट्या बाईंचा दोष नसेलही, पण विमा त्यांचा आहे, म्हणून जोखीम त्यांच्याकडेच जायला हवी. मात्र नेटलशिपना भरपाई मिळाली ती निम्मीच. गाडीचा ताबा दोघांनी वाटून घेतला होता, म्हणून चुकीचा वाटाही दोघांचा, असं बहुमताने ठरलं.

या निकालातली दोन सूत्रं मला महत्त्वाची वाटतात. शेजारी बसलेला माणूस अर्धा चालक आहे, हे एक. आणि विमा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हे दुसरं. आपल्या कायद्याने पहिलं सूत्र नियम ३मध्ये मान्य केलं आहे, दुसरं मात्र तो विसरून गेला आहे. समजा, हाच प्रसंग नागपुरात घडला आणि गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे. गुडघा फुटलेला शिक्षक ‘थर्ड पार्टी’ धरला जाईल का? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्कूटरच्या मागे बसलेल्या माणसाच्या प्रकरणात सांगितलं, की नुसत्या सक्तीच्या विम्यात खासगी वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्याचं संरक्षण येत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक जिला ‘फुल्ल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात ती, असेल तर गाडीतली माणसं त्यात येतात. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण फक्त थर्ड पार्टीवर चालणाऱ्या गाडीत कायदा ज्याला शिकणाऱ्याशेजारी बसायला भाग पाडतो, त्याच माणसाला विमा रस्त्यावर सोडतो. त्याच्या नुसत्या हजेरीमुळे रस्त्यावरचा माणूस सुरक्षित होतो, गाडी सुरक्षित होते, मालकाची वसुली टळते. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचं काय, ते मात्र त्याचं त्याने बघायचं.

शिकणारी मुलगी तर त्याहून उघड्यावर. गाडी बाबांच्या नावावर, चालवत होती ती, चूकही तिचीच. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आणि पुन्हा २०२०मध्येही घेतली आहे. म्हणजे ती थर्ड पार्टी नाही. आणि ‘मालक-चालक’ यासाठीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकाचा असतो, मुलीचा नव्हे. गंमत अशी, की त्या विम्यात मालक स्वतः ‘को-ड्रायव्हर’ म्हणून गाडीत असेल तर तेही धरलेलं आहे. म्हणजे बाबाच मालक असतील आणि बाबाच शेजारी बसले असतील, तर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरते ते झाकलेले आहेत. काकाच्या गाडीवर मामा शिकवत असेल, तर दोन्हीकडून गेला. ज्या कंपन्यांच्या कागदात ‘को-ड्रायव्हर’ हा शब्द आहे, त्यांना डाव्या सीटवरचा माणूस दिसतच नाही असं म्हणता येणार नाही. तो मालक असेल तेव्हाच दिसतो.

चारचाकीचं हे झालं. दुचाकीकडे वळलं की नियम हास्यास्पदच होतो. नियम ३ मोटारसायकललाही लागू आहे. शिकताना मागे कुणालाही बसवायचं नाही, फक्त शिक्षकाला बसवता येईल, तोही ‘काबूत ठेवू शकेल किंवा थांबवू शकेल’ असा. स्कूटीच्या मागच्या सीटवरून गाडी थांबवणारा माणूस मला कुणी दाखवावा. दोन्ही ब्रेक पुढच्याच्या हातात. मागचा फार तर खांदे धरून ओरडू शकतो, नाहीतर पाय खाली टेकवून स्वतःचा घोटा मोडून घेऊ शकतो. आपल्याकडे दुचाकी शिकतात ती वेगळ्याच पद्धतीने: सोसायटीच्या आवारात भाऊ कॅरिअर धरून पळतो, चार दिवसांनी सोडून देतो, पाचव्या दिवशी मुलगी एकटीच क्लासला जाते, लर्निंगवर. पुण्या-नाशकात, कोल्हापुरात, पणजीत कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दुचाक्यांपैकी अशा कितीतरी असतील. कागद ठीक, चालवणं ठीक, आणि तरी प्रत्येक फेरी पॉलिसीतल्या अटीबाहेर. १८ वर्षांच्या आतलं तर आणखी विचित्र. १६ ते १८ वयाच्या मुलांना लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या गाडीचं, आणि बाजारात खपणाऱ्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या. मे २०२४मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकांबद्दल खूप लिहिलं गेलं, पालकांना तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड सांगणाऱ्या कलम १९९अ ची आठवणही झाली. पण अठरा पूर्ण झालेली, रीतसर लर्निंग काढलेली मुलगी नियमाप्रमाणे दुचाकी शिकूच शकत नाही, हे कुणी बोललं नाही. जो नियम पाळणं अशक्य आहे तो विम्याची अट म्हणून ठेवणं म्हणजे कंपनीच्या हाती नकाराचं कारण आधीच लिहून देणं होय.

ट्रकचं शिक्षण तर अजूनच जुन्या वाटेने चालतं. क्लीनर वर्षानुवर्षं शेजारी बसतो आणि एखाद्या रात्री घाट उतरल्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. मालवाहू गाडीच्या पॉलिसीतल्या लर्निंगच्या वाक्यात आणखी चार शब्द जास्त आहेत: अपघाताच्या वेळी गाडीत माल नसावा. भरलेला ट्रक शिकवायचा नाही. रिकामा ट्रक शिकण्यासाठी फिरवायला डिझेल कोण देणार? म्हणून आपल्या देशातली कितीतरी अवजड ड्रायव्हिंगची शाळा विम्याच्या बाहेर भरते.

आणि मग येतो क्लेम फॉर्म. एका वर्कशॉपच्या काउंटरवर मी हे बघत उभा होतो. हॅचबॅकचा डावा फेंडर आत गेलेला, हेडलाइट फुटलेला. सल्लागाराने फॉर्म पुढे केला. ‘अपघाताच्या वेळी चालक’ या रकान्यापाशी पेन अडलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा काही बोलणार, एवढ्यात वडिलांनी खिशातून स्वतःचं लायसन्स काढून काउंटरवर ठेवलं. सल्लागाराने मान वर केली नाही, नंबर उतरवून घेतला. तिघांपैकी कुणालाही हे खोटं वाटलं नसावं. मला वडिलांचा रागही आला नाही. त्यांनी नियम पाळला होता की नाही, हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढं कळत होतं, की ‘लर्निंग’ म्हटलं की प्रश्न वाढतात. मुलाकडे वैध लर्निंग असेल, काचेवर ‘एल’ असेल आणि बाबा शेजारी असतील, तर खरं लिहूनही क्लेम मिळायला हवा. उलट खोटं पकडलं गेलं, तर चांगला क्लेमही हातचा जातो. आणि अपघातात कुणाला इजा झाली असेल, तर त्याच खोट्यापायी वडील फौजदारी प्रकरणात चालक म्हणून उभे राहतात. अट समजावून न सांगण्याची किंमत अशी मोजावी लागते. लोक नियम मोडतात हे एक झालं. पाळलेला नियमही ते लपवतात, हे जास्त वाईट.

यावर उपाय काय, असं विचारलं तर माझी मागणी मोठी नाही. शेजारी बसणाऱ्याला पक्कं लायसन्स मिळून निदान तीन वर्षं झालेली असावीत. त्याला मोबाइल आणि दारूचे नियम चालकासारखेच लागू असावेत. दुचाकीसाठी नियम ३ बाजूला ठेवून वेगळा, पाळता येईल असा नियम करावा: पहिले काही तास बंदिस्त मैदानावर, मग एकट्याने, वेगाच्या मर्यादेत, मागे कुणालाही न बसवता. आणि फक्त थर्ड पार्टी असलेल्या गाडीतही, लर्निंगवर चालवताना पुढच्या दोन सीटवरच्या माणसांना काही एका रकमेपर्यंत संरक्षण सक्तीच्या विम्यातच मिळावं. कायदा ज्याला बसायला सांगतो त्याचा विमा कायद्यानेच बघावा.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. तीन वर्षांची अट घातली आणि गावात एकाच्याच हाताशी लायसन्स असलं, तेही गेल्या वर्षीचं, तर? बाकीच्यांनी शिकायचं कसं? ट्रेनिंग स्कूलची फी सगळ्यांना झेपत नाही, आणि २०२१पासून सुरू झालेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांतून बाहेर पडलेल्यांना आरटीओची चाचणी माफ असली, तरी ती केंद्रं तालुक्याला पोहोचलेली नाहीत. आणखी एक आक्षेप जास्त खरा आहे. अट जितकी वाढवाल, तितकं कंपनीला नकार द्यायला नवं निमित्त मिळतं. शिक्षकाचं लायसन्स दोन वर्षं अकरा महिन्यांचं होतं, म्हणून क्लेम नामंजूर, असं पत्र आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणून नव्या अटी वाहतुकीच्या कायद्यात हव्यात, विम्याच्या करारात नकोत. नियम मोडला तर पोलिसांनी दंड करावा, चालक आणि शिक्षक दोघांनाही. विमा मात्र लर्निंग लायसन्स आणि शेजारी पक्क्या लायसन्सवाला, या दोन गोष्टींपाशी थांबावा. ‘एल’ची पाटी सतरा सेंटिमीटर होती म्हणून कुणाचा फेंडर नाकारला जाऊ नये. स्वर्णसिंग निकालातला विचारही याच दिशेने जातो, की अट मोडणं आणि अपघात होणं यांत नातं दिसलं पाहिजे. तो विचार थर्ड पार्टीपुरता न ठेवता ‘ओन डॅमेज’लाही लावला, तर काउंटरवरचं ते खोटं आपोआप कमी होईल.

शेजाऱ्याच्या मुलांना महिन्याचे पैसे घेऊन आपल्या खासगी गाडीवर शिकवणारे एक नवे ‘सर’ हल्ली कॉलनी-कॉलनीत निघाले आहेत, त्यांना यातली कुठलीच सवलत मिळू नये. खासगी वापराच्या पॉलिसीत भाडं किंवा मोबदला घेऊन गाडी वापरायला मनाई असते. दुहेरी ब्रेकवाल्या, शिकवणीसाठीच विमा काढलेल्या, परवाना असलेल्या शाळेच्या पोटावर पाय देऊन हे चालतं, आणि अपघात झाला की मोबदल्याचा विषय कुणीच काढत नाही.

कायदा बदलायला वेळ लागतो. तोवर गाडीमालकाच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती स्वस्त आहे. पॉलिसीचं नूतनीकरण करताना फक्त थर्ड पार्टीवर न थांबता पॅकेज घ्यावं आणि ‘अनामिक प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा’ या रकान्यावर टिक करावी. खासगी गाडीत तो साधारणपणे माणशी २ लाख रुपयांपर्यंत मिळतो आणि हप्ता एका सर्व्हिसिंगच्या बिलापुढे नगण्य असतो. एजंट तो रकाना बहुधा वाचूनही दाखवत नाही, कारण त्यात त्याचं कमिशन जवळपास नसतंच.